वाचकांचे प्रश्न : ग्लायडरच्या कॅनॉपीवरचा दोरा

प्रश्न : मी ग्लायडर उडवायला शिकत आहे. आमच्या ग्लायडरच्या कॅनॉपीवरचा (वैमानिकावरच्या पारदर्शक झाकणावरचा) लोकरीचा दोरा, म्हणजे यॉ स्ट्रिंग, झिजल्यामुळे तो बदलण्याचे काम प्रशिक्षकांनी माझ्यावर सोपवले. जांभळी नाक्याच्या बाजारातून लाल लोकर आणून मी नवा दोरा चिकटवला. परंतु आता सरळ उड्डाणातही त्याचे मोकळे टोक किंचित डावीकडे झुकलेले दिसते. कोणी म्हणते दोरा लांब झाला, कोणी म्हणते टेप चुकीची आहे. दोरा नेमका कोठे, कसा आणि किती लांबीचा लावावा? आणि या झुकण्याचा अर्थ काय घ्यावा?
(एक वाचक, नौपाडा, ठाणे)

उत्तर : आपल्याकडे आलेले काम दिसायला लहान असले तरी ते पूर्ण लक्ष देऊन करण्याच्या योग्यतेचे आहे. ग्लायडरचे पंख लांब असतात. स्टँडर्ड वर्गातल्या ग्लायडरचाही विस्तार 15 मीटर असतो आणि मोठ्या ग्लायडरचा 25 मीटरपर्यंत व त्याहूनही पुढे जातो. अशा लांब पंखांच्या टोकांजवळचे एलेरॉन, म्हणजे पंखाच्या मागच्या कडेचे हलणारे भाग, हलवले की वर उचलल्या जाणाऱ्या पंखावर हवेचा रोध वाढतो आणि ग्लायडरचे नाक वळणाच्या विरुद्ध बाजूला ओढले जाते. पायाने रडर, म्हणजे शेपटीवरचे उभे सुकाणू, देऊन ही ओढ मोडून काढली नाही, तर ग्लायडर हवेतून तिरपा सरकत राहतो, आणि इंजिन नसलेल्या विमानाला त्या तिरपेपणाची किंमत थेट उंचीने मोजावी लागते. हा तिरपेपणा दाखवणारी साधने दोन. उपकरणांच्या फलकावर वाकड्या नळीत असलेला बॉल ग्लायडरवर आडवे बल किती आहे ते सांगतो; दोरा मात्र समोरून येणारी हवा कोणत्या कोनातून येत आहे ते थेट दाखवतो. त्याला वीज लागत नाही, नळी लागत नाही, आणि तो पाहण्यासाठी नजर बाहेरच्या आकाशावरून काढून फलकावर न्यावी लागत नाही. राइट बंधूंनीही आपल्या यंत्राच्या पुढच्या भागी असाच दोरा बांधला होता. मात्र दोरा खरे सांगतो तो योग्य जागी आणि मोकळा असेल तेव्हाच, आणि माझ्या मते लोकर कोणती आणि टेप कोणती यापेक्षा मध्यरेषा किती काळजीने काढली याला कितीतरी अधिक महत्त्व आहे.

म्हणून प्रथम मध्यरेषा. ती नजरेच्या अंदाजाने ठरवू नये. ग्लायडर हँगरमध्ये उभा असताना कॅनॉपी बंद करून, शिवणकामात वापरतात ती लवचीक मोजपट्टी कॅनॉपीवरून आडवी घ्यावी; एका बाजूच्या चौकटीच्या कडेपासून दुसऱ्या बाजूच्या कडेपर्यंतची लांबी मोजून तिच्या बरोबर निम्म्यावर खूण करावी. तशीच दुसरी खूण पहिलीपासून वीत-दीड वीत मागे करावी. खुणेसाठी कागदी मास्किंग टेपचा बारीक तुकडा पुरतो. कॅनॉपीवर टोकदार काहीही टेकवू नये. मग दोन माणसांनी एक बारीक, ताणलेला धागा नाकाच्या टोकापासून दोन्ही खुणांवरून मागे धरावा आणि तिसऱ्याने पुढे उभे राहून तो शेपटीच्या उभ्या पंखाशी, म्हणजे फिनशी, एका रेषेत येतो का ते पाहावे. धागा दोन्ही खुणांवरून जाऊन फिनच्या मधोमध येत असेल, तर मध्यरेषा मिळाली. येत नसेल, तर कॅनॉपीची चौकटच थोडी एका बाजूला बसलेली असू शकते. अशा वेळी नाक आणि फिन यांना जोडणारी रेषा खरी धरावी, कारण हवेशी संबंध ग्लायडरच्या देहाचा आहे, चौकटीचा नाही.

इतकी काटेकोर काळजी कशासाठी, असे आपल्याला वाटेल. नाकाकडून मागे येणारी हवा कॅनॉपीच्या फुगवट्यावर दोन्ही बाजूंना पसरत जाते. नेमक्या मध्यरेषेवर ती सरळ मागे जाते, पण रेषेच्या डावीकडे ती थोडी डावीकडे आणि उजवीकडे थोडी उजवीकडे वळलेली असते. त्यामुळे दोरा डावीकडे लागला असेल, तर ग्लायडर अगदी नीट उडत असतानाही तो डावीकडेच झुकणार. आपल्या वर्णनावरून मला पहिला संशय याचाच येतो.

आता पुढे-मागे कोठे? आसनावर नेहमीच्या उड्डाणासारखे बसून, पट्टे बांधून, डोके टेकवून समोर पाहावे, आणि क्षितिजाच्या थोडे वर जेथे नजर सहज जाते तेथे दोऱ्याचे मोकळे टोक येईल अशी जागा निवडावी. दोरा फार मागे, डोक्याजवळ लावला तर तो पाहण्यासाठी मान वर करावी लागते, आणि थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उष्ण हवेत, इतर ग्लायडरांबरोबर फिरताना ते धोक्याचे आहे. फार पुढे लावला तर कॅनॉपी आणि नाक यांच्यामधली फट, हवेची झडप किंवा नाकावरचे एखादे उंचवट्याचे साधन यांच्या मागच्या विसकटलेल्या हवेत तो सापडतो आणि विनाकारण थरथरतो. चौकटीच्या जोडापासून काही बोटे अंतर ठेवावे, म्हणजे कॅनॉपी उघडताना, मिटताना किंवा तिच्यावरचे आच्छादन ओढताना दोरा अडकणार नाही.

लोकर पातळ आणि मऊ घ्यावी. जाड, पीळदार स्वेटरच्या लोकरीला स्वतःचा वळसा असतो आणि ती त्या वळशाच्या बाजूला झुकते. आपली लोकर गुंडीतून काढल्यावर तिला वाक राहिला असेल, तर ती ओली करून, टोकाला हलके वजन बांधून रात्रभर टांगावी. वाक निघून जातो. बाहेर मोकळा राहणारा भाग साधारण 10 सेंटिमीटर पुरतो. फार लांब दोरा फडफडतो आणि त्याचे टोक लवकर विसकटते. फार आखूड दोऱ्यात लवचीकपणा राहत नाही आणि बारीक बदल दिसत नाही. लाल रंग आकाश आणि जमीन या दोन्ही पार्श्वभूमींवर उठून दिसतो, म्हणून आपली निवड योग्यच आहे.

चिकटवण्याची कृती अशी : दोऱ्याच्या पुढच्या टोकाला एक लहान गाठ मारावी, म्हणजे तो टेपखालून निसटणार नाही. सुमारे 2 सेंटिमीटर लांब आणि 1 सेंटिमीटर रुंद टेप कापून तिचे चारही कोपरे कात्रीने गोल करावेत. चौकोनी कोपरा हवेने उचलला जातो आणि तेथूनच टेप सुटू लागते. गाठ टेपच्या पुढच्या भागाखाली आणि दोरा टेपच्या अगदी मधून, मध्यरेषेवर सरळ मागे बाहेर पडेल असा ठेवून टेप बोटाने पुढून मागे दाबावी. दोरा टेपखालून तिरका बाहेर पडला, तर त्याच्या मुळाशीच एक कोन तयार होतो आणि कमी वेगात तो कोन स्पष्ट दिसतो. पंख जोडल्यावर त्यांच्या फटीवर लावण्यासाठी ग्लायडरवाले जी पांढरी टेप वापरतात ती येथेही चांगली चालते. साधी पारदर्शक टेप उन्हात पिवळी पडून कडक होते, आणि वीजकामाची काळी टेप तापली की तिचा गोंद पाझरून कॅनॉपीवर चिकट डाग ठेवतो.

एक गोष्ट मी आग्रहाने सांगतो. कॅनॉपी काचेची नसते, ॲक्रिलिकची असते. ॲसिटोन, थिनर, पेट्रोल, अमोनिया असलेले काच पुसण्याचे द्रव यांनी तिच्यात केसासारख्या बारीक भेगांचे जाळे पडते, आणि ते पुन्हा कशानेही जात नाही. फेव्हिक्विकसारख्या झटपट गोंदाची वाफही पृष्ठभागावर पांढरा थर आणते, म्हणून दोरा त्याने कधीही चिकटवू नये. जुन्या टेपचा डाग काढायचा असेल, तर नव्या टेपचा तुकडा त्यावर वारंवार दाबून उचलावा, आणि उरलेला भाग कोमट पाणी व सौम्य साबण लावलेल्या स्वच्छ सुती कापडाने हळूहळू काढावा. त्यापूर्वी भरपूर पाणी ओतून धूळ वाहून जाऊ द्यावी. धुळीवरून कापड फिरवले की ओरखडे पडतात, आणि सूर्याकडे तोंड करून उतरताना त्याच ओरखड्यांमुळे समोरचे काही दिसेनासे होते. याहून तीव्र द्रव्याची गरज भासली, तर ग्लायडरच्या हस्तपुस्तिकेत काय मान्य आहे ते देखभाल पाहणाऱ्या अभियंत्याला विचारूनच वापरावे.

आता दोष कोणाचा, दोऱ्याचा की उड्डाणाचा, हे ठरवू. शांत हवेत, सकाळच्या पहिल्या उड्डाणात, प्रशिक्षक बरोबर असताना, दूरवरचे एखादे ठळक ठिकाण निवडून नाक त्यावर स्थिर ठेवावे. हडपसरच्या बाजूला उडत असाल तर दिवे घाटाकडची डोंगररांग या कामाला उत्तम. दोन्ही पंखांची टोके क्षितिजापासून सारख्या अंतरावर आहेत याची मान वळवून खात्री करावी. पंख सम आहेत, नाक जागचे हलत नाही, आणि तरीही दोरा डावीकडेच झुकतो, असे असेल तर दोरा चुकीच्या जागी आहे. खाली उतरून मध्यरेषा पुन्हा काढावी. पण उजवा पंख थोडा खाली असून आपला डावा पाय नकळत पेडल दाबत असेल, तर ग्लायडर उजवीकडे घसरत आहे, हवा उजवीकडून येत आहे, आणि डावीकडे झुकलेला दोरा अगदी बरोबर सांगत आहे. शिकाऊ वैमानिकांमध्ये ही सवय फार आढळते, कारण दोन अवयव एकमेकांची चूक झाकत असतात आणि दिशा सरळच राहते. या चाचणीत बॉलवर विसंबू नये. फलक थोडा तिरका बसवलेला असेल तर बॉलही तितकाच चुकतो.

डोके एका बाजूला कलले तरी सरळ दोरा तिरका भासतो. त्यासाठी दोऱ्याखाली, पण कॅनॉपीच्या आतल्या बाजूने, मेणाच्या पेन्सिलीने मध्यरेषेवर एक बारीक रेघ ओढावी. दोरा आणि रेघ एकमेकांवर आले की शंका राहत नाही.

प्रश्न : थर्मलमध्ये वळताना दोरा अगदी सरळ ठेवावा असे मला शिकवले गेले. मात्र एका अनुभवी वैमानिकांनी तो किंचित बाहेरच्या बाजूला असू द्यावा असे सांगितले. दोन्ही कसे खरे असेल?
(एक वाचक, वाशी, नवी मुंबई)

उत्तर : शिकण्याच्या काळात दोरा सरळ ठेवण्याचा नियम योग्य आहे आणि तो सोडू नये. अनुभवी वैमानिकांचे म्हणणेही बरोबर आहे, आणि त्याचे कारण दोऱ्याच्या जागेत आहे.

ग्लायडर वळतो तेव्हा तो आपल्या गुरुत्वमध्याभोवती फिरतही असतो. दोरा गुरुत्वमध्याच्या पुढे असल्यामुळे त्याच्या जागेला वळणाच्या आतल्या दिशेने थोडा जादा वेग मिळतो, आणि तेथे हवा थोडी आतून आल्यासारखी लागते. हिशेब करून पाहावा. ताशी 90 किलोमीटर वेग आणि 40 अंशांचा कल धरला, तर वर्तुळाची त्रिज्या सुमारे 76 मीटर येते. दोरा गुरुत्वमध्यापासून दीड मीटर पुढे असेल, तर केवळ या कारणाने त्याचा कोन सुमारे एका अंशाने बदलतो. याशिवाय दोरा तिरपेपणा वाढवूनही दाखवतो. वाशीच्या खाडीपुलाखाली भरतीचे पाणी खांबाला वळसा घालताना बाजूंनी अधिक वेगाने धावते. तशीच आडवी येणारी हवा कॅनॉपीच्या गोल पाठीवरून जाताना वेग घेते. लांब, गोल नळीसाठी हा आडवा वेग माथ्यावर दुपटीपर्यंत जातो. खऱ्या कॅनॉपीवर आकारानुसार तो त्याहून कमी असतो. म्हणजे वरचा एक अंश दोऱ्यावर दोन अंशांपर्यंत दिसू शकतो, आणि 10 सेंटिमीटर लांबीच्या दोऱ्याचे टोक सुमारे साडेतीन मिलिमीटर बाहेर सरकते. ग्लायडरचा मध्य त्या क्षणी अजिबात घसरत नसतो.

म्हणून दोरा काटेकोर सरळ ठेवणारा वैमानिक प्रत्यक्षात थोडा जादा रडर देत असतो. टोक किंचित बाहेर, वरच्या पंखाकडे, असणे निरुपद्रवी आहे. टोक आत, खालच्या पंखाकडे, जाणे मात्र कधीही खपवून घेऊ नये. त्या वेळी रडर जास्त झालेला असतो आणि ग्लायडर बाहेर सरकत असतो. वेग कमी असताना आतला पंख प्रथम स्टॉल होऊन, म्हणजे उचल गमावून, ग्लायडर फिरकीत जाऊ शकतो. उतरण्यापूर्वीच्या शेवटच्या वळणात, जमीन जवळ दिसत असताना घाईने पाय दाबण्याचा मोह होतो, आणि तेथून सावरायला उंची उरलेली नसते. त्या वळणात वेगमापक आणि दोरा या दोन गोष्टींवरून लक्ष हलू देऊ नये.

सुधारणा करताना एवढे लक्षात ठेवावे : टोक डावीकडे गेले तर उजवा पाय द्यावा किंवा स्टिक (हातातली नियंत्रणदांडी) थोडी डावीकडे न्यावी, टोक उजवीकडे गेले तर याच्या उलट. पाय टोकाच्या विरुद्ध, हात टोकाच्या दिशेने. दोन्हींपैकी काय निवडायचे ते कल हवा तितका आहे की नाही यावर ठरते : कल योग्य असेल तर पायाने, कल जास्त किंवा कमी झाला असेल तर हाताने.

प्रश्न : आमचा दोरा काही दिवशी कॅनॉपीला चिकटून बसतो आणि टिचकी मारल्याशिवाय सुटत नाही. लोकर बदलूनही फरक पडला नाही.
(एक वाचक, कोलशेत, ठाणे)

उत्तर : हे बहुधा उन्हाळ्यातल्या कोरड्या दिवशी घडत असणार. उड्डाणापूर्वी कॅनॉपी कोरड्या कापडाने चोळली की ॲक्रिलिकवर स्थिर विद्युतभार साठतो आणि हलका धागा तिच्याकडे ओढला जातो. कोरडे चोळणे थांबवून स्वच्छ, ओलसर सुती कापडाने हलक्या हाताने पुसावे. शेवटचा हात दोऱ्याच्या आसपास ओलसरच राहू द्यावा. लोकर खरी आहे की कृत्रिम धाग्याची, हेही दुकानात विचारून घ्यावे. ॲक्रिलिकचा धागा लोकर म्हणूनच सर्रास विकला जातो आणि त्यावरही भार साठतो.

पावसाच्या सरीत किंवा पहाटेच्या दवात दोरा भिजून चिकटत असेल, तर त्याला तेवढ्यापुरता इलाज नाही. भिजलेला दोरा ज्या स्थितीत चिकटला ती स्थिती दाखवत राहतो, आणि तो हलत नाही म्हणून उड्डाण फार छान चालले आहे असे वाटण्याचा धोका असतो. हात-पाय हलवूनही दोरा हलत नसेल, तर त्याच्याकडे पाहणे सोडून बॉल पाहावा. जमिनीवर असाल तर दोरा बोटांनी टिपून, विसकटलेले टोक कापून मोकळा करावा. विसकटलेल्या टोकात पाणी अधिक साठते, म्हणून रोजच्या तपासणीत दोऱ्याच्या टोकाकडेही पाहण्याची सवय लावावी.

प्रश्न : दोन आसनी ग्लायडरमध्ये मागच्या प्रशिक्षकांसाठी वेगळा दोरा लागतो का? आणि पंख्याच्या प्रशिक्षण विमानांवर असा दोरा का दिसत नाही?
(एक वाचक, नेरुळ, नवी मुंबई)

उत्तर : एकामागे एक आसने असतील, तर मागच्या आसनासमोर दुसरा दोरा लावणे सोयीचे असते, कारण पुढच्या व्यक्तीच्या डोक्याआड पहिला दोरा झाकला जातो. मागचा दोरा पुढच्या चौकटीमागून आलेल्या हवेत असल्याने तो थोडा अस्थिर राहतो. दोघांमध्ये फरक दिसला तर पुढचा प्रमाण मानावा. भारतात तयार झालेल्या रोहिणी या प्रशिक्षण ग्लायडरसारखी शेजारी-शेजारी आसने असतील, तर दोरा मध्यरेषेवरच लावावा लागतो आणि दोघेही तो तिरक्या नजरेने पाहतात. अशा वेळी टोकाच्या दिशेची तुलना समोरच्या नाकाशी न करता मध्यरेषेवरच्या रेघेशी करावी.

नाकावर एकच पंखा असलेल्या विमानात पंख्याने मागे फेकलेली फिरती हवा दोऱ्यावर येते, आणि दोरा विमानाची नव्हे तर त्या हवेची दिशा दाखवतो. ज्या यंत्रांच्या नाकावर पंखा नाही त्यांच्यावर हा दोरा आजही आढळतो : अतिउंचीवर उडणाऱ्या यू-2 या टेहळणी विमानावर तो आहे, एफ-14 या लढाऊ विमानाच्या नाकावर होता, आणि रॉबिन्सनच्या आर-44 हेलिकॉप्टरच्या समोरच्या काचेवरही असतो. मोटर ग्लायडरचे इंजिन कॅनॉपीमागच्या खांबावर उघडत असेल, तर पंखा दोऱ्याच्या मागे राहतो आणि इंजिन चालू असतानाही दोरा वापरता येतो. पंखा नाकावर असेल, तर इंजिन बंद करून पाती थांबेपर्यंत बॉलच पाहावा.